डेस्कटॉपवर शॉटकट बसवणं: डाउनलोडपासून पहिल्या एक्स्पोर्टपर्यंत

चवथीतली घुमट या चामड्याच्या वाद्यावरची आरती, देवळाच्या जत्रेतलं नाटक, वास्कोच्या सप्ताहातलं भजन, शाळेचं स्नेहसंमेलन असं सगळं आज फोनवर चित्रित होतं आणि बहुतेक वेळा फोनमध्येच पडून राहतं. दोन तासांचं नाटक फोनवर कापायला बसलं की स्टोरेज भरतं, फोन तापतो आणि अॅप मध्येच बंद पडतं. घरात किंवा मंडळाच्या खोलीत बरा डेस्कटॉप असेल तर हे काम तिथेच करावं. त्यासाठी शॉटकट हे व्हिडिओ एडिटिंगचं फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कसं बसवायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

बसवायला पाचदहा मिनिटं पुरतात. अडतं ते त्याच्या आधी आणि लगेच नंतर: चुकीच्या जागेवरून उतरवलेली फाइल, भरलेली सी ड्राइव्ह, फोनच्या क्लिपचा कमीजास्त होणारा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं ते), चौकोन होऊन दिसणारी देवनागरी. म्हणून 'फिनिश' दाबलं की काम झालं असं धरू नका. एक मिनिटाची क्लिप आत घेऊन, कापून, मराठी शीर्षक टाकून, बाहेर काढून (म्हणजे एक्स्पोर्ट करून) दुसऱ्या मशीनवर नीट चालली, की मगच बसवणं पूर्ण झालं.

शॉटकटच का

एडिटिंगची दुसरी सॉफ्टवेअरंही आहेत. डाविंची रिझॉल्व्ह ताकदीचं आहे, पण त्याला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. जुन्या ऑफिस मशीनवर ते उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. विंडोज ११ सोबत येणारं क्लिपचॅम्प सोपं आहे, मात्र मायक्रोसॉफ्ट खातं आणि इंटरनेट हवंच, आणि पावसाळ्यात गावात नेट कधी जाईल याचा भरवसा नाही. केडेनलाइव्ह चांगला पर्याय आहे. ते आणि शॉटकट दोन्ही आतून एमएलटी या व्हिडिओ हाताळणाऱ्या एकाच इंजिनावर चालतात. पण नवख्याला शॉटकटचा पसारा कमी वाटतो, त्यावर वॉटरमार्क येत नाही आणि एकदा बसवलं की नेटशिवाय चालतं.

आधी मशीन बघा

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे जा. 'सिस्टम टाइप'समोर ६४-बिट असायला हवं. विंडोज १० किंवा ११ हवं. शॉटकटच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. विंडोज १० चालतं, पण मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, तेव्हा जमलं तर ११ वर जावं.

रॅमचा हिशेब असा: साध्या एसडी चित्रासाठी ४ जीबी, १०८०पी (फुल एचडी) साठी ८ जीबी, ४के साठी १६ जीबी. प्रोसेसर निदान २ गिगाहर्ट्झचा असावा. एचडीसाठी दोन कोअर आणि ४के साठी चार कोअर धरा. ४ जीबी रॅमवर १०८०पी अगदीच होत नाही असं नाही, पण प्रिव्ह्यू अडखळतो आणि सोबत ब्राउझर उघडा असला तर सगळंच थांबतं. अशा मशीनवर पैसे घालायचे तर आधी रॅम आणि एसएसडीवर घाला, ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघता येईल.

जागेचा अंदाज लोक चुकतात तो इथेच. फोनची १०८०पी, ३० फ्रेमची क्लिप एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत मिनिटाला साधारण १३० एमबी घेते. वीस मिनिटांची आरती म्हणजे २.६ जीबी, दोन तासांचं नाटक म्हणजे साडेपंधरा जीबीच्या वर. त्याखेरीज प्रॉक्सी (क्लिपांच्या कामापुरत्या लहान नकला), रूपांतरित फाइली आणि शेवटचा व्हिडिओ यांना वेगळी जागा लागते. मूळ फाइलींच्या तिप्पट-चौपट जागा मोकळी ठेवा, शक्यतो सी सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर. सी ड्राइव्ह काठोकाठ भरली की विंडोजच कुथायला लागतं आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. पावसाळाभर बंद राहिलेल्या सीपीयूत धूळ दमट होऊन पंख्याला आणि हीटसिंकला चिकटते. टायपिंगच्या कामात ते जाणवत नाही. पण एक्स्पोर्ट चालू असताना प्रोसेसर पूर्ण भाराने चालतो, तेव्हा मशीन तापून मंद होतं किंवा सरळ बंद पडतं. बाजूचं झाकण काढून मऊ ब्रशने पंखा साफ करा, अर्थात प्लग काढून.

डाउनलोड

गूगलवर नाव टाकलं की वर जाहिराती येतात आणि त्यांतल्या काही शॉटकटच्या नसतातच. पत्ता थेट लिहा: शॉटकट डॉट ऑर्ग (shotcut.org). तिथल्या डाउनलोड पानावर विंडोजसाठी दोन प्रकार दिसतात, इन्स्टॉलर आणि पोर्टेबल झिप. एआरएम लिहिलेली फाइल वेगळ्या प्रोसेसरची असते. इंटेल किंवा एएमडीचा नेहमीचा डेस्कटॉप असेल तर तिच्या वाट्याला जाऊ नका. पानावर मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण दिसलं आणि त्यावर शॉटकटचं नाव नसलं, तर ती जाहिरात समजा.

आवृत्तीचा आकडा म्हणजे तारीख असते. २४.०६.२६ म्हणजे २६ जून २०२४ ची. हे लक्षात ठेवलं की मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली फाइल किती जुनी आहे ते नावावरूनच कळतं. तरीही दुसऱ्याने दिलेली फाइल चालवू नये, स्वतः उतरवून घ्यावी. फुकट सॉफ्टवेअरची 'क्रॅक' नसते. अशी कुणी देऊ केली तर ती व्हायरसचीच पुडी.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरही शॉटकट आहे, पण तिथे पैसे पडतात. तीही अधिकृतच आवृत्ती आहे आणि पैसे बनवणाऱ्यांना मिळतात. मदत म्हणून घेतली तर उत्तम, पण घ्यायलाच हवी असं नाही.

इन्स्टॉल करताना

चालू असलेली बाकीची कामं बंद करा. शॉटकटची जुनी आवृत्ती उघडी असेल तर तीही. डाउनलोड्स फोल्डरमधल्या फाइलवर डबल-क्लिक केलं की निळी खिडकी येऊन 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' म्हणू शकते. नव्या, अजून कमी लोकांनी उतरवलेल्या फाइलला विंडोज असं म्हणतंच. फाइल अधिकृत जागेवरूनच आली असेल तर 'मोअर इन्फो'वर क्लिक करा, खाली 'रन एनीवे' दिसेल. त्यानंतर परवानगी मागणारी खिडकी येते. तिथे प्रकाशक म्हणून मेल्टीटेक हे नाव दिसायला हवं. भलतंच नाव किंवा 'अननोन' दिसलं तर 'नो' म्हणा आणि फाइल काढून टाका.

परवाना वाचा, पुढे जा. फोल्डर सुचवलेलाच ठेवा. डेस्कटॉपवर शॉर्टकट हवा असेल तर ती खूण करा. मध्ये दुसरं टूलबार, ब्राउझर किंवा अँटिव्हायरस बसवू का असा प्रश्न येत नाही. आलाच, तर तुमच्या हातात मूळ फाइल नाही.

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणकावर अॅडमिन पासवर्ड नसतो. तिथे पोर्टेबल झिप उपयोगी पडते. झिपवर उजवं क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा, मग निघालेल्या फोल्डरातलं शॉटकट चालवा. झिप उघडून तिच्या आतूनच डबल-क्लिक करणारे पुष्कळ असतात. मग सोबतच्या फाइली सापडत नाहीत आणि 'डीएलएल मिसिंग' असा संदेश येतो. तो संदेश बघून नेटवर सुटी डीएलएल शोधत बसू नका, झिप नीट उलगडा.

मॅकवर डीएमजी उघडून चिन्ह अॅप्लिकेशन्स फोल्डरात ओढायचं, एवढंच. उबुंटूवर अॅपइमेज घेतली तर प्रॉपर्टीजमध्ये ती 'एक्झिक्यूटेबल' करावी लागते. उबुंटू २२.०४ पासून फ्यूज २ ही लायब्ररी आधीपासून बसवलेली नसते, त्यामुळे डबल-क्लिक करूनही काहीच घडत नाही. ती लायब्ररी बसवा, नाहीतर फ्लॅटपॅक किंवा स्नॅप वापरा.

पहिल्यांदा उघडल्यावर

स्वागताच्या पडद्यावर प्रोजेक्टचा फोल्डर, नाव आणि व्हिडिओ मोड विचारतात. फोल्डर मोकळ्या ड्राइव्हवर निवडा. वनड्राइव्हमध्ये सिंक होणाऱ्या डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलात, तर प्रत्येक मोठी फाइल क्लाउडवर चढायला लागेल आणि नेटही अडेल.

व्हिडिओ मोड 'ऑटोमॅटिक' असतो, म्हणजे टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर) पहिली येईल त्या क्लिपचं माप प्रोजेक्टला लागतं. पहिली क्लिप कुणी फोन उभा धरून घेतलेली असली की सगळा प्रोजेक्ट उभा होतो आणि पुढच्या आडव्या क्लिपा मधोमध पट्टीएवढ्या दिसतात. आडवा व्हिडिओ करायचा असेल तर आधीच एचडी १०८०पी, ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम) निवडून टाका. भारतात फोन बहुधा ३० वर घेतात. कॅमकॉर्डर वापरला असेल तर २५ असू शकतं, त्याचं सेटिंग आधी बघा.

सेटिंग्जच्या मेनूत 'प्रिव्ह्यू स्केलिंग' ५४०पी करा. त्याने फक्त पाहतानाचं चित्र लहान होतं, अंतिम व्हिडिओला काही होत नाही. मशीन जुनं असेल तर त्याच मेनूतली 'प्रॉक्सी'ही चालू करा. शॉटकट मोठ्या क्लिपांच्या लहान नकला करतं, तुम्ही काम त्यांवर करता आणि एक्स्पोर्ट मात्र मूळ फाइलींतून होतं.

प्रिव्ह्यूच्या जागी काळा पडदा दिसत असेल, आवाज येतो पण चित्र नाही, तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर जुना आहे. इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या स्वतःच्या साइटवरून नवा घ्या. तोवर सेटिंग्जमध्ये चित्र दाखवायची पद्धत डायरेक्टएक्सवरून ओपनजीएल करून पाहा. चित्र आहे पण आवाज नाही, असं झालं तर बहुधा विंडोजने एचडीएमआय मॉनिटरला स्पीकर मानलेलं असतं. टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून योग्य आउटपुट निवडा.

फोनमधून क्लिपा आणताना

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान झालेली असते. मग मखरातला गणपती धुरकट दिसतो आणि त्याच्यावर टांगलेल्या माटोळीची फळं एकमेकांत मिसळतात. एडिटिंगने ते परत येत नाही. केबल लावा. अँड्रॉइडवर वरून खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. नुसत्या चार्जिंगची केबल असली तर हा पर्याय येतच नाही, केबल बदला.

आयफोनवरून घेताना अर्ध्यात 'ए डिव्हाइस अटॅच्ड टू द सिस्टम इज नॉट फंक्शनिंग' असा संदेश आला तर केबलला बोल लावू नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोजखाली मॅक किंवा पीसीकडे पाठवण्याचा पर्याय 'ऑटोमॅटिक' असतो आणि फोन जागच्या जागी रूपांतर करू पाहतो. तिथे 'कीप ओरिजिनल्स' करा. पुढच्या चित्रणाआधी कॅमेऱ्यातला एचडीआर व्हिडिओही बंद ठेवलेला बरा, नाहीतर डेस्कटॉपवर रंग फिकट, पिठूळ दिसतात.

नव्या फोनच्या क्लिपा बहुधा एचईव्हीसी या जास्त दाबणाऱ्या पद्धतीच्या असतात. विंडोजच्या प्लेअरमध्ये त्या उघडल्या नाहीत तरी शॉटकटमध्ये उघडतात, कारण ते स्वतःचे कोडेक (दाबलेला व्हिडिओ उलगडणारे भाग) सोबत आणतं. त्यामुळे पैसे भरून किंवा कुठूनतरी फुकटचा 'कोडेक पॅक' आणून बसवायची गरज नाही. जुन्या प्रोसेसरला मात्र या क्लिपा जड जातात. तिथे प्रॉक्सी हवीच.

आता फ्रेम रेट. मंद उजेडात फोन सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम घेत नाही, कमीजास्त करतो. समया आणि रोषणाईच्या उजेडातली आरती म्हणजे हमखास हाच प्रकार. अशी क्लिप उघडताच शॉटकट ती 'एडिट-फ्रेंडली' करू का असं विचारतं. घाईत 'नाही' म्हटलं तर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि दहाव्या मिनिटाला हात घुमटाच्या चामड्यावर पडल्यानंतर आवाज येतो. रूपांतराला 'हो' म्हणा. त्यात दर्जा निवडायची पट्टी असते. सर्वात खालची पायरी आपल्या कामाला पुरते. वरच्या पायऱ्यांनी फाइल कितीतरी पटींनी फुगते आणि डोळ्याला फरक दिसत नाही.

एक मिनिटाची चाचणी

खऱ्या कामातलीच लांब क्लिप घ्या आणि चाचणीला तिच्या शेवटचा भाग वापरा, कारण आवाज सरकत असेल तर तो शेवटीच कळतो. क्लिप टाइमलाइनवर ओढा. प्लेहेड (टाइमलाइनवरची उभी रेघ) हव्या जागी आणून 'एस' दाबलं की तुकडा पडतो. नको तो निवडून 'एक्स' दाबलं की तो जातो आणि मागचं पुढे सरकून फट भरते. 'झेड' दाबलं तर तुकडा जातो पण फट तशीच राहते. आत्ता एवढ्या तीन कळा पुरेत.

मग शीर्षक. क्लिप निवडून फिल्टर्समध्ये अधिकच्या चिन्हावर क्लिक करा आणि 'टेक्स्ट: सिंपल' घ्या. फॉन्ट निर्मला यूआय निवडा. तो विंडोज १० आणि ११ मध्ये असतोच. मंगल किंवा कोकिळा हवे असतील तर विंडोजच्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात. टायपिंगला मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठीखाली तो जोडायचा.

चाचणीला 'शुभ दीपावली' लिहू नका, ते कुठल्याही फॉन्टमध्ये बरं दिसतं. 'म्हार्दोळ', 'कुंकळ्ळी', 'दुसऱ्या दिवशी' असे शब्द घाला. 'ळ्ळी' जोडून येते का, 'ऱ्या'तला र नीट बसतो का, रफार जागेवर आहे का ते बघा. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातला असतो. तो इथे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि फॉन्ट कितीही बदलला तरी सुधारत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, किंवा चार ओळीच असतील तर सरळ पुन्हा टाइप करा.

घुमट, शामेळ आणि कासाळी ही वाद्यं एकत्र वाजतात तेव्हा फोनचा माइक हमखास फाटतो. शॉटकटच्या आवाजाच्या मीटरवर पट्टी सारखी माथ्याला टेकत असेल तर आवाज कमी करा, पण चित्रणातच फाटलेला आवाज कमी करून दुरुस्त होत नाही. पुढच्या वेळी फोन वादकांपासून लांब ठेवायचा.

एक्स्पोर्ट, आणि तो का फसतो

वरच्या पट्टीतलं 'एक्स्पोर्ट' उघडा. डावीकडच्या यादीतलं 'डिफॉल्ट' एच.२६४ चित्र आणि एएसी आवाजाची एमपी४ फाइल देतं. यूट्यूब, फोन, टीव्ही सगळीकडे ती चालते. दर्जाचा आकडा ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. 'हार्डवेअर एन्कोडर'ची (व्हिडिओ बनवायचं काम ग्राफिक्स चिपला देण्याची) खूण पहिल्या चाचणीला काढून टाका. हळू चालेल, पण भरवशाचं चालेल. ते निघालं की मग खूण लावून वेग वाढतो का बघा.

खालचं एक्स्पोर्टचं बटण दाबल्यावर नाव विचारतं. इंग्रजी अक्षरांत साधं नाव द्या. मंडळाच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावल्यावर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसायची शक्यता असते. मूळ क्लिपचंच नाव देऊ नका. काम 'जॉब्स'च्या यादीत दिसतं. बिघडलं तर त्यावर उजवं क्लिक करून 'व्ह्यू लॉग' उघडा. शेवटच्या काही ओळींतच कारण असतं.

सुरू होताच लगेच फसलं तर बहुधा लिहायची परवानगी नाही. विंडोज सिक्युरिटीमधला 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' चालू असला की व्हिडिओज आणि डॉक्युमेंट्समध्ये नव्या प्रोग्रॅमला लिहू देत नाही. शॉटकटला तिथे परवानगी द्या किंवा फाइल दुसऱ्या फोल्डरात काढा. ४ जीबीला येऊन थांबलं तर थेट पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करत आहात आणि तो फॅट३२ आहे. त्यावर त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मात्र जुना टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते आधी पाहून घ्या.

वीज मध्येच गेली तर अर्धवट एमपी४ उघडतच नाही, कारण फाइलची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. ९५ टक्के झालं होतं म्हणून ९५ टक्के व्हिडिओ मिळतो असं होत नाही, सगळं पुन्हा काढावं लागतं. जून ते सप्टेंबर वायरवर माड किंवा फांदी पडणं नेहमीचंच, तेव्हा यूपीएसशिवाय लांब एक्स्पोर्ट लावू नये. घरगुती यूपीएस जेमतेम काही मिनिटं देतो. प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढी पुरतात, दोन तासांचं नाटक काढायला नाही. त्यामुळे नाटक अंकाअंकाने वेगवेगळं काढावं, म्हणजे गेला तर एकच अंक जातो. एडिटिंग चालू असताना वीज गेली तर शॉटकट पुढच्या वेळी स्वतः जतन केलेली प्रत परत आणू का असं विचारतं. 'यस' म्हणा. तरी कंट्रोल-एसची सवय बरी.

निघालेली फाइल त्याच मशीनवर पाहून समाधान मानू नका. फोनवर आणि टीव्हीवर चालवा, आवाज ओठांशी जुळतो का ते शेवटच्या दहा सेकंदांत बघा.

मशीन बदलताना आणि अपडेट करताना

प्रोजेक्टच्या एमएलटी फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, क्लिपा कुठे आहेत त्याचे पत्ते असतात. म्हणून ती काही केबींची फाइल एकटीच ईमेलने पाठवली की समोरच्याला 'मिसिंग फाइल्स'ची यादी मिळते. सगळ्या क्लिपा, गाणी, फोटो प्रोजेक्टच्याच फोल्डरात ठेवा आणि पूर्ण फोल्डर उचलून न्या. तसं केलं की पेनड्राइव्हचं अक्षर डी ऐवजी ई झालं तरी पत्ते जुळतात.

नवी आवृत्ती आली की लगेच बसवू नका, हातातलं काम आधी संपवा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनीत नीट उघडेलच असं नसतं. मंडळात तीन मशीनवर काम चालत असेल तर तिन्हींवर एकच आवृत्ती ठेवा, आणि तिचा इन्स्टॉलर बाजूला जपून ठेवा. पोर्टेबल वापरत असाल तर नवी झिप जुन्या फोल्डरावर उलगडू नका. वेगळा फोल्डर करा आणि नवीत एक मिनिटाची चाचणी पुन्हा काढून झाल्यावरच जुना काढून टाका.